कमांडो व्हायचे आहे? आधी पोलीस व्हा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पुढे काय व्हायचे आहे असे विचारले, तर शिपाई आणि फौजदार यांच्या जोडीने एक उत्तर हमखास येते : कमांडो. त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे येणारे चित्रही ठरलेले असते. काळा गणवेश, चेहऱ्यावर बुरखा, हेलिकॉप्टरमधून सोडलेला दोर, खिडकीची फुटलेली काच आणि दोन सेकंदांत आडवा झालेला अतिरेकी. मग तयारीही त्याच चित्राबरहुकूम सुरू होते. दंड फुगवले जातात, मोबाइलवर बंदुकांच्या चित्रफिती पाहिल्या जातात, ‘कमांडो ट्रेनिंग’ची पाटी लावलेल्या खासगी अकॅडमीत वर्षभराची फी भरली जाते. जगातल्या नावाजलेल्या पोलीस पथकांत माणसे कशी निवडतात हे पाहिले, तर यातली बरीचशी मेहनत भलत्याच ठिकाणी जाते असे दिसेल. दणकट माणसांची या पथकांना कधीच टंचाई नसते. त्यांना हवा असतो तो दमलेला, भिजलेला, झोप न झालेला असतानाही बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवू शकणारा पोलीस. असा माणूस ओळखायला काही वर्षांची साधी पोलीस नोकरी हीच सर्वांत भरवशाची परीक्षा आहे, असे एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक देशांच्या अनुभवातून दिसते. तयारी कशी करावी, या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघते.

अशी पथके मुळात का निघाली हे समजले, की निवडीचे नियम असे का, हेही समजते. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षकांना ओलीस धरले. फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या धावपट्टीवर त्यांना गाठायचे ठरले, तेव्हा बंदूकधारी होते आठ आणि पोलिसांनी नेमलेले नेमबाज होते पाच. हे पाच जण नेमबाज म्हणून तयार केलेले नव्हते. बरी गोळी मारतात एवढ्या भांडवलावर उभे केलेले साधे पोलीस होते. त्यांच्या रायफलींना दुर्बीण नव्हती, एकमेकांशी बोलायला वायरलेस नव्हता. विमानात कर्मचाऱ्यांच्या वेशात दबा धरून बसायला पाठवलेल्या पोलिसांनी तर आयत्या वेळी आपसात मते घेऊन ते काम सोडून दिले. ते प्रकरण संपले तेव्हा ११ इस्रायली आणि एक जर्मन पोलीस मरण पावले होते. विमानातून उतरलेल्या त्या पोलिसांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यांना या कामासाठी कुणी निवडले नव्हते, शिकवले नव्हते, हे तुम्हाला झेपेल का असेही आधी विचारले नव्हते. माणसाची मर्यादा प्रसंगाच्या कितीतरी आधी, त्याला स्वतःला आणि त्याच्या वरिष्ठांना कळलेली असावी, यासाठीच निवडीचा सगळा खटाटोप असतो.

पश्चिम जर्मनीने त्याच महिन्याच्या २६ तारखेला उलरिख वेगेनर यांच्या हाताखाली जीएसजी ९ हे पथक उभे करायला घेतले. पाच वर्षांनी त्याचा कस लागला, आणि योगायोगाने त्याच सुमारास उलट उदाहरणही घडले. २८ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईहून उडालेले जपान एअरलाइन्सचे विमान जपानी रेड आर्मीच्या लोकांनी पळवून ढाक्याला नेले. जपानपाशी पाठवण्याजोगे पथकच नव्हते. सरकारने ६० लाख डॉलर मोजले आणि तुरुंगातले कैदी सोडले. पुढच्याच महिन्यात लुफ्थान्साचे ‘लांड्सहुट’ हे विमान पळवून सोमालियातल्या मोगादिशूला नेण्यात आले. अपहरणकर्त्यांनी वाटेत एडनला वैमानिक युर्गेन शुमान यांना ठार केले होते. १८ ऑक्टोबरच्या पहाटे जीएसजी ९ विमानात घुसले आणि काही मिनिटांत सर्व ८६ प्रवासी जिवंत बाहेर आले. जपानने त्याच वर्षी टोकियो आणि ओसाका येथे गुपचूप पथके उभारली. ‘सॅट’ या नावाने त्यांची जाहीर ओळख व्हायला मात्र १९९६ उजाडले. फ्रान्सच्या जांदार्मरीचे, म्हणजे लष्करी धर्तीच्या पोलीस दलाचे, जीआयजीएन हे पथक म्युनिकनंतरच्याच काळात निघाले. इस्रायलच्या ‘यमाम’ या पोलीस पथकाला १९७४ चे मालोत येथील शाळेतले हत्याकांड कारण झाले. आपल्याकडे एनएसजी १९८४ मध्ये आली आणि २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर २००९ मध्ये, महाराष्ट्राने फोर्स वन उभी केली. जवळजवळ प्रत्येक पथकाच्या मागे एक फसलेली किंवा महाग पडलेली रात्र आहे, म्हणूनच निवड करणारे अधिकारी उमेदवाराच्या उत्साहावर भाळत नाहीत.

आता प्रवेशाची पहिली अट पाहा. जर्मनीत जीएसजी ९ साठी अर्ज करणारा आधी प्रशिक्षित पोलीस असावा लागतो. फ्रान्समध्ये जीआयजीएनकडे वळणारा आधी जांदार्म म्हणून नोकरी केलेला असतो. अमेरिकेत एफबीआयच्या ओलीस मुक्ती पथकात जायचे तर आधी एफबीआयचा एजंट व्हावे लागते आणि दोन-तीन वर्षे तपासाचे काम करावे लागते. लॉस एंजेलिस पोलिसांच्या प्रसिद्ध स्वॅट पथकात थेट कुणी जात नाही. आधी गस्त, मग मेट्रोपॉलिटन डिव्हिजन, मग स्वॅट. ब्रिटनमध्ये तर बहुसंख्य पोलीस बंदूक बाळगतच नाहीत, आणि ज्याला शस्त्र हवे त्याने उमेदवारीचा काळ पुरा करून स्वखुशीने अर्ज करायचा असतो. ही अट नुसती ज्येष्ठतेचा मान राखण्यासाठी नाही. गस्तीवरच्या पोलिसाची रोजची नोकरी लहान लहान निर्णयांनी भरलेली असते. दारू प्यालेला माणूस अंगावर येतो, नवरा-बायकोच्या भांडणात सुरी निघते, जमाव दगड उचलतो. अशा वेळी तो चिडला की थांबला, सहकाऱ्याला सांभाळले की स्वतःला, नंतर स्टेशन डायरीत खरे लिहिले की सोयीचे, याचा माग राहतो. दोन आठवड्यांच्या चाचणीत माणूस नाटक करू शकतो, पण तीन वर्षे पोलीस ठाण्यात नाटक टिकत नाही.

मग शरीराचे काय? शरीर लागतेच, पण ते दारावरचे तिकीट आहे. ब्रिटनमध्ये शिट्टीच्या तालावर १५ मीटरच्या फेऱ्या मारण्याची चाचणी असते. साध्या पोलिसाला त्यात ५.४ ही पातळी गाठावी लागते, सशस्त्र गस्तीगाडीवरच्या पोलिसाला ९.४ आणि घुसून कारवाई करणाऱ्याला १०.५. नियमित खेळणाऱ्या तरुणाला यातली शेवटची पातळीही अशक्य नाही. महाराष्ट्राच्या शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५ अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा असते आणि लेखी १०० गुणांची. निकष बदलतात, म्हणून ताजी जाहिरात वाचल्याशिवाय सराव आखू नये. पण या परीक्षेसाठी केलेला सराव आणि पुढच्या पथकासाठी लागणारे शरीर यांत फरक आहे, हे आधीच ओळखलेले बरे. १६०० मीटरचा सराव सहा मिनिटांच्या आतला वेग देतो. पथकाच्या कामाला अंगावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात शस्त्र घेऊन तासन्‌तास टिकणारा दम लागतो. तेव्हा भरतीचे मैदान पार पडले की पळणे सोडू नका, त्याची जात बदला. आठवड्यातून एक लांब आणि संथ धाव, दोन दिवस स्वतःच्या शरीराचे वजन उचलण्याचा व्यायाम, आणि पोहणे. पोहण्याकडे आपल्याकडची बहुतेक मुले दुर्लक्ष करतात, आणि पाण्याची भीती हे निवडीतून बाहेर पडण्याचे जुने कारण आहे. पाठीवर वजन घेऊन चालणे हळूहळू वाढवा. पहिल्याच महिन्यात वाळूची गोणी पाठीला बांधून पळणारा नडगीचे दुखणे ओढवून घेतो. मैदानी चाचणीआधी वेदनाशामक गोळ्या किंवा कुणीतरी दिलेली इंजेक्शने घेण्याचा प्रकार ऐकू येतो, आणि भरतीच्या धावण्यात उमेदवार कोसळल्याच्या बातम्याही येतात. त्या वाटेला जाणारा निवड झाली तरी पथकाच्या कामाचा नसतो, कारण स्वतःच्या शरीराशी खोटे बोलायची सवय त्याला लागलेली असते.

निवडीच्या चाचण्यांत खरोखर काय तपासतात, याचा सर्वांत बोलका नमुना एफबीआयच्या पथकाचा आहे. तेथे दोन आठवड्यांच्या निवडीत उमेदवाराचे नाव विचारले जात नाही. तो कपड्यांच्या रंगावरून आणि नंबरावरून ओळखला जातो. झोप तोडली जाते, धावणे आणि वजन वाहणे झाल्यावर लगेच निर्णय घ्यायला लावले जाते, उंचावर नेले जाते, अरुंद आणि अंधाऱ्या जागेत घातले जाते. आणि सगळ्यांत कठीण भाग असा, की प्रशिक्षक काहीच बोलत नाहीत. शाबासकी नाही, शिवी नाही, कितवा आलास तेही नाही. आपल्याकडच्या मुलांना हे विशेष जड जाईल असे वाटते, कारण आपली सारी शिकवण गुणांवर आणि सरांच्या शेऱ्यावर चालते. काम बरोबर होते आहे की नाही हे स्वतःच ठरवून पुढे जाणारा माणूस तेथे टिकतो. याची तयारी करता येते. दिवसभराचे काम आटोपून, दमलेल्या अंगाने तासभर कायद्याचे पुस्तक वाचा आणि वाचलेले दुसऱ्या दिवशी आठवून लिहा. सांघिक खेळ खेळा, आणि हरत असताना आपण सहकाऱ्यावर ओरडतो का, यावर लक्ष ठेवा. पथकात एकट्या पराक्रमी माणसाची धास्तीच घेतात; दारातून एकामागोमाग एक शिरताना पुढच्याचा जीव मागच्याच्या हातात असतो.

जीआयजीएनमध्ये याच गोष्टीला एका विधीचे रूप आले आहे. घुसून कारवाई करणाऱ्या तुकडीचे प्रशिक्षण तेथे सुमारे १४ महिने चालते. नव्या माणसाला पथकात घेताना तो सहकाऱ्याच्या चिलखतावर लावलेल्या मातीच्या चकतीवर खरी गोळी झाडतो. त्याला विश्वासाची गोळी म्हणतात. बाहेरच्याला हा थरार वाटेल. सुरक्षिततेचे नियम पाळणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला तो धडकी भरवील, आणि त्याची नक्कल कुणी करू नये हे सांगायलाच हवे. पण त्यातला अर्थ समजण्यासारखा आहे. गोळी कुठे जाईल एवढे सांगून भागत नाही, ती आपल्या माणसाच्या इंचभर जवळ असतानाही हात थरथरणार नाही हे सिद्ध करावे लागते. हेच पथक दीर्घ काळ सहा गोळ्यांचे मानुरँ रिव्हॉल्व्हर आवर्जून वापरत असे. आणि सरावाचे म्हणाल, तर डिसेंबर १९९४ मध्ये अल्जिअर्सहून पळवलेले एअर फ्रान्सचे विमान सोडवायला निघाले असताना या पथकाने तशाच एअरबसमध्ये दारे, आसने, मधली वाट यांची तालीम करून घेतली. त्यानंतर मार्सेच्या मारिन्यान विमानतळावर त्यांनी हल्ला केला. तीन प्रवासी आधीच अल्जिअर्सला मारले गेले होते. उरलेले दीडशेहून अधिक जण वाचले, चारही अपहरणकर्ते ठार झाले, पथकातले अनेक जण जखमी झाले. चित्रपटात दिसतो तो दार उघडल्यानंतरचा भाग. प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ दार कसे उघडते हे शिकण्यात जातो.

या साऱ्या मेहनतीनंतर गोळी किती वेळा झाडली जाते? इंग्लंड आणि वेल्समध्ये अलीकडच्या वर्षांत सशस्त्र पोलिसांच्या वर्षाला सुमारे १८ हजार कारवाया होतात, आणि माणसावर गोळी झाडल्याच्या घटना त्यांतल्या दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी. जीएसजी ९ बद्दल तर असे सांगितले जाते, की पहिल्या तीस वर्षांतल्या दीड हजारांवर मोहिमांत त्यांनी पाचच वेळा गोळी चालवली. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेच्या उटोया बेटावर एका माणसाने ६९ जणांना मारले. डेल्टा हे पोलीस पथक बेटावर पोहोचायला उशीर झाला, हेलिकॉप्टर नव्हते, माणसांनी आणि सामानाने भरलेली बोट मध्येच बंद पडली, आणि पुढे चौकशी आयोगाने यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. पण बेटावर उतरल्यावर काय झाले तेही पाहा. मारेकरी शरण येत होता, त्याच्या अंगावरची वायर पाहून स्फोटकांचा संशय आला, बोटे ट्रिगरवर होती, आणि तरीही त्याला जिवंत पकडले. ती वायर गाणी ऐकण्याच्या यंत्राची होती. उलट २२ जुलै २००५ रोजी लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी जाँ शार्ल्स द मेनेझेस या निरपराध ब्राझिलियन तरुणाला आत्मघाती अतिरेकी समजून ठार केले. गोळी झाडणाऱ्यांचा नेम अचूक होता. चूक होती ओळख पटवण्यात आणि नियंत्रण कक्षापासून खालपर्यंत गेलेल्या माहितीत. म्हणून नेमबाजी शिकणाऱ्याने नेमाइतकेच, आपल्याला मिळालेली माहिती कितपत खरी आहे हे तोलायला शिकले पाहिजे. आणि प्रत्येक गोळीचा हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. जर्मनीत १९९३ मध्ये बाड क्लाइनेन स्थानकावरच्या कारवाईत जीएसजी ९ चा एक जवान आणि एक संशयित असे दोघे मेले, त्या कारवाईच्या हाताळणीवरून वाद उठला आणि गृहमंत्री रुडोल्फ झाइटर्स यांनी राजीनामा दिला. कायदा, पंचनामा आणि स्वच्छ लिहिलेला अहवाल या गोष्टी कमांडोच्या कामाबाहेरच्या आहेत असे मानणाऱ्याने हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

बोलून सोडवण्याची कलाही याच घरातली. म्युनिकनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी एक वेगळा निष्कर्ष काढला आणि १९७३ पासून ओलीस वाटाघाटींची शिस्तबद्ध पद्धत उभी केली. तिची पाठराखण करणारे हार्वी श्लोसबर्ग हे मानसशास्त्र शिकलेले पोलीस होते. त्याच शहरातले इमर्जन्सी सर्व्हिस युनिट तर या लेखाच्या म्हणण्याचे चालते-बोलते उदाहरण आहे. सशस्त्र घुसखोराला गाठायला तेच जातात, अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा कापायला तेच, आणि पुलावरून उडी मारायला निघालेल्याला बोलण्यात गुंतवायलाही तेच. याच्या अगदी विरुद्ध टोकाला मनिलाची २३ ऑगस्ट २०१० ची घटना आहे. बडतर्फ पोलीस अधिकाऱ्याने पर्यटकांची बस धरली होती. वाटाघाटी चालू असताना त्याच्या भावाला पोलिसांनी पकडले, ते दृश्य बसमधल्या टीव्हीवर थेट दिसले आणि तो बिथरला. मग पोलीस बराच वेळ हातोड्याने बसच्या काचा फोडत राहिले, दार ओढायला बांधलेला दोर तुटला. हाँगकाँगचे आठ पर्यटक मेले.

येथे एक आक्षेप नक्की निघेल. सैनिक हे काम अधिक चांगले करतात, मग पोलीस अनुभवाचे एवढे कौतुक कशाला? इस्रायलच्या ‘यमाम’मध्ये लढाऊ तुकडीत काम केलेले तरुण घेतात आणि एनएसजीच्या थेट कारवाई करणाऱ्या गटात लष्करातलेच जवान असतात, हे खरे आहे. गडचिरोलीचे सी-६० तर जंगलात लढण्यासाठीच निघाले. पण सी-६० कडे नीट पाहिले तर आक्षेप उलटतो. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ते उभे केले, तेव्हा जिल्ह्यातलीच मुले घेतली. त्यांना गोंडी आणि माडिया येत होती, वाटा आणि नाले ठाऊक होते, गावात कोण कुणाचा हे माहीत होते. नक्षल चळवळीत गेलेल्यांच्या घरी जाऊन आत्मसमर्पणाबद्दल बोलणे हेही त्यांच्या कामात पहिल्यापासून होते. हे सैनिकी कौशल्य नव्हे, बीटवरच्या पोलिसाचे आहे. बंदूक चालवायला मानेसरच्या किंवा हैदराबादच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवून शिकवता येते. गाव ओळखायला शिकवणारे केंद्र कुठे नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतल्याच जांभुळखेड्याजवळ १५ जवान आणि त्यांचा चालक असे १६ जण गेले. समोरासमोरची लढाई झालीच नाही, गाडीने जात असताना भूसुरुंगाच्या स्फोटाने त्यांचा घात केला. दारूगोळा, दम आणि धैर्य यांच्यापलीकडे रोजच्या रोज पाळायच्या कंटाळवाण्या दक्षतेला या कामात किती मोल आहे, हे त्यावरून कळावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवडक पथकांवर एवढा भर दिला की बाकीचे पोलीस त्यांची वाट पाहत बसतात. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा गस्तीच्या पोलिसांनी घेराव घालून स्वॅटची वाट पाहिली, तेव्हाची शिकवणच तशी होती. त्यानंतर ती बदलली : पहिला पोहोचेल त्याने आत जायचे. तरीही मे २०२२ मध्ये उव्हाल्डीच्या शाळेत ७७ मिनिटे गेली, जवळजवळ चारशे पोलीस जमले, आणि १९ मुले व दोन शिक्षिका यांचा बळी गेला. नियम बदलला म्हणजे माणूस बदलत नाही. याच्या उलट मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च येथे मशिदींवर हल्ला करणाऱ्याला पकडले ते ग्रामीण ठाण्यांच्या दोन पोलिसांनी. सशस्त्र माणसाशी कसे भिडावे याच्या प्रशिक्षणासाठी ते त्या दिवशी शहरात आले होते. आणि २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर कसाबला धरणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. एनएसजीचे जवान दिल्लीहून पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून पथके नकोत असे निघत नाही. पथकाचे शिक्षण खालच्या ठाण्यापर्यंत झिरपले पाहिजे एवढेच निघते. उमेदवारासाठी त्याचा अर्थ असा, की पथकात जागा मिळाली नाही तरी ते शिक्षण कुठे मिळते हे शोधावे आणि वरिष्ठांकडे ते मागावे.

पथक हाताशी असले की ते वापरावेसे वाटते, हीही एक जोखीम. अमेरिकेतल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०१४ मध्ये वीस पोलीस संस्थांच्या आठशेंवर स्वॅट कारवाया तपासल्या. त्यांतल्या ७९ टक्के झडतीचे वॉरंट बजावण्यासाठी होत्या. ओलीस, दडून बसलेला बंदूकधारी किंवा चालू गोळीबार अशी खरी कारणे ७ टक्क्यांत होती. ज्या घरात दोन शिपायांनी दार ठोठावून काम झाले असते तेथे चिलखती माणसे शिरू लागली, की निवडीतला संयम वाया जातो.

आता महाराष्ट्रातल्या उमेदवारासाठी हिशेब. पहिला टप्पा शिपाई, राज्य राखीव दल किंवा फौजदारपदाची परीक्षा. फोर्स वन, शहरांची शीघ्र प्रतिसाद पथके, सी-६० यांची दारे खात्याच्या आतून उघडतात, म्हणून ‘थेट कमांडो भरती’ करून देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. भरतीआधीपासून एक गोष्ट जपा, ती म्हणजे चारित्र्य पडताळणी. गावातल्या मारामारीत दाखल झालेला गुन्हा किंवा समाजमाध्यमावर तलवारीसह टाकलेला फोटो पुढे आडवा येतो. ब्रिटनमध्ये तर उमेदवाराची कर्जेही तपासतात, कारण पैशाच्या पेचात असलेला सशस्त्र माणूस धोक्याचा. तेथे किंवा अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांनाही हाच क्रम लागू आहे : आधी नागरिकत्वाची किंवा कायम निवासाची अट, मग साधी पोलीस नोकरी, मग पथक. नोकरीत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ठाण्यातले काम टाळू नका. बंदोबस्त, नाकाबंदी, समन्स बजावणी, रात्रीची गस्त हे सगळे करा, शस्त्र हाताळण्याचा वार्षिक सराव उरकून टाकू नका, प्रथमोपचार शिका, रक्तस्राव थांबवता आला पाहिजे. रजा, शिक्षा आणि बक्षिसे सेवापुस्तकात नोंदली जातात आणि निवड समिती ती आधी वाचते.

मुलींसाठी वेगळे सांगायला हवे ते एवढेच, की दार बंद नाही. दिल्ली पोलिसांनी ऑगस्ट २०१८ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांतल्या ३६ महिला शिपायांचे स्वॅट पथक उभे केले. त्या नोकरीत नव्या होत्या, म्हणजे माझ्या म्हणण्याला हा अपवाद. पण त्यांना १५ महिने शिकवले, आणि अनुभवाची उणीव वेळ देऊन भरून काढण्याचा तो मार्ग आहे. जेथे एवढा वेळ देण्याची तयारी नसते, तेथे अनुभवी उमेदवारालाच प्राधान्य मिळते.

शेवटी नकाराचे. एनएसजीत गेलेल्यांपैकीही अनेकांना सुमारे तीन महिन्यांच्या प्रशिक्षणातून मूळ दलात परत पाठवतात, आणि परत आलेल्याकडे ठाण्यात जरा चमत्कारिक नजरेने पाहतात. त्या नजरेपायी पुन्हा अर्ज न करणारे बरेच असतात. परत पाठवण्याचे कारण लेखी मागता येत नसेल तर प्रशिक्षकाला तोंडी विचारा : दम कमी पडला, नेम, की निर्णय? पहिल्या दोन गोष्टी सहा महिन्यांत सुधारतात. निर्णय कमी पडला असेल तर आणखी दोन वर्षे गस्तीवर काढा आणि वयोमर्यादा उलटायच्या आत पुन्हा अर्ज करा.